माल पळाला पाहिजे, पण पाण्यावर नाही



मागच्या मे महिन्यात आमच्या शाळेच्या नव्या वर्गखोलीचा स्लॅब पडला. (पडला म्हणजे टाकून झाला, गैरसमज नको!) सुट्टी असली तरी आमच्या गावची मुलं शाळेच्या आवारातच सापडतात. मिक्सर, लिफ्ट, घमेली हा सगळा थाट बघायला चौथीतली सात-आठ मुलं सकाळपासून पारावर येऊन बसली होती. मुख्याध्यापक सर बाहेरगावी होते, त्यामुळे देखरेखीला मी एकटीच.

पहिल्या चार-पाच गोण्यांचा माल वर गेला आणि वरून मिस्त्रींनी आवाज दिला, "अरे, माल पळत नाही! पाणी सोड जरा!" मिक्सरवरच्या पोरानं तेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा भरला आणि ओतायला निघाला. मी त्याला थांबवलं. मिस्त्री शिडी उतरून खाली आले.

"मॅडम, एका डब्यानं काय होतंय? तीस वर्षं झाली, स्लॅबच टाकतोय."

एका डब्यानं काय होतं ते मला माहीत होतं. मी काही इंजिनिअर नाही, डीएड झालेली साधी शिक्षिका. पण माझ्या माहेरच्या घराचा स्लॅब मी सहावीत असताना टाकला, तेव्हा माल अगदी ताकासारखा पळत होता. दुपारी तीनलाच काम उरकलं म्हणून वडिलांनी सगळ्यांना जिलेबी दिली. तिसऱ्या पावसाळ्यात छत गळायला लागलं. पुढे खालचे पापुद्रे सुटले, गंजलेल्या सळया दिसायला लागल्या. आई अजूनही पावसाळ्यात त्या खोलीत पातेली मांडते. आता या नव्या खोलीत तर आपलीच मुलं बसणार होती.

तेवढ्यात पारावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पाणी घालायचं नाही तर मग माल पळणार कसा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आजचा पाठ त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पाण्याची दोन कामं

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. आपण म्हणतो "काँक्रीट वाळलं", पण ते चूक आहे. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते, तिला जलसंयोजन म्हणतात, आणि त्यातून तयार झालेला पदार्थ वाळू-खडीला धरून ठेवतो. म्हणून तर स्लॅबवर आळी करून आपण उलट पाणी साठवतो.

म्हणजे पाण्याचं पहिलं काम सिमेंटशी संयोग पावायचं. दुसरं काम माल ओला, सैल ठेवायचं, म्हणजे तो सळयांच्या मधे, कोपऱ्यात, बीमच्या तळाला पोहोचेल. पहिल्या कामाला सिमेंटच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरतं. त्याहून जास्त घातलेलं पाणी फक्त दुसऱ्या कामाचं. काम झालं की ते निघून जातं आणि जाताना आपली जागा रिकामी ठेवून जातं. त्या बारीक बारीक वाटांनी ताकद कमी होते आणि पुढे पावसाचं पाणीही त्याच वाटांनी आत शिरतं. डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ सालीच दाखवून दिलं होतं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते.

आता गणित करू. मुलांनी हे गणित तिथेच पारावर खडूनं केलं होतं.

आमच्या कामाला गुणोत्तर ठरलं होतं ०.५०. म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीसुद्धा या २५ मध्येच धरायचं. गोणीमागे एक डबा जादा घातला तर झाले ३० लिटर, गुणोत्तर ०.६०. ठोकळ हिशेबाने पाचवा हिस्सा ताकद गेली. खोलीचा स्लॅब ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद, जाडी १२५ मिलीमीटर. ७ × ६ × ०.१२५ = ५.२५ घनमीटर. घनमीटरला ७ गोण्या धरल्या तर सुमारे ३७ गोण्या. ३७ × ५ = १८५ लिटर.

शाळेत हातपाय धुवायला २०० लिटरचा निळा ड्रम आहे. मुलांनी एकदा ड्रमकडे बघितलं, एकदा सेंट्रिंगकडे. तेवढी पोकळी आपल्या डोक्यावरच्या छतात!

पण मिस्त्रींचं सुद्धा काही चूक नव्हतं

हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आपण शिकलेली माणसं लगेच "गवंडी पाणी घालतात" म्हणून मोकळे होतो. घट्ट माल फावड्यानं ओढून बघा एकदा, मेच्या उन्हात. शिवाय माल खरोखरच फार घट्ट असेल तर तो सळयांच्या खाली पोहोचत नाही. सेंट्रिंग काढल्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. तीसुद्धा तितकीच वाईट. मिस्त्रींना माल पळायला हवा होता आणि ते हवं असणं योग्यच होतं. फक्त पळण्याची किंमत ताकदीतून द्यायची नाही, एवढीच अडचण.

ही अडचण सोडवणाऱ्या पदार्थांना अ‍ॅडमिक्श्चर म्हणतात. मराठीत संमिश्रक म्हणता येईल, साइटवर सगळे "केमिकल" किंवा "औषध" म्हणतात.

हातात हात धरलेली मुलं

सिमेंटचे कण फार बारीक. पाण्यात पडले की त्यांच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी धन, काही ठिकाणी ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात आणि गुठळ्या होतात. गुठळीच्या आत बरंचसं पाणी अडकून पडतं. मैदानावर मुलांनी हात धरून गोल केला आणि आत दोन-चार मुलं कोंडली, तसं. पाणी मिक्सरमध्ये आहे, पण कैदेत आहे. माल घट्ट दिसतो तो पाणी कमी म्हणून नाही, तर कामाचं पाणी अडकलंय म्हणून. मिस्त्री बाहेरून आणखी पाणी घालतात. औषध आतलं पाणी सोडवतं.

ते कसं? सगळ्यात जुनं साधं प्लास्टिसायझर म्हणजे लिग्नोसल्फोनेट. लाकडापासून कागदाचा लगदा करताना ते हाती लागतं. त्यानंतर १९६० च्या दशकात जपानमध्ये नॅफ्थॅलिनपासून आणि जर्मनीत मेलामाइनपासून केलेली सुपरप्लास्टिसायझर आली. यांचे रेणू सिमेंटच्या कणाला चिकटतात आणि प्रत्येक कणावर ऋण भार चढवतात. सगळेच ऋण झाल्यावर कण एकमेकांना ढकलतात, हात सुटतात, कोंडलेली मुलं बाहेर पळतात.

१९८० च्या दशकात जपानमध्येच आणखी पुढची पिढी आली, पॉलिकार्बोक्झिलेट. हा रेणू फणीसारखा असतो. फणीचा कणा कणाला चिकटतो आणि दाते बाहेर पाण्यात पसरतात. पावसात प्रत्येक मुलानं छत्री उघडली की कोणी कोणाच्या जवळ येऊ शकत नाही ना? तसं. इथे भारापेक्षा या जागा अडवण्याचा वाटा मोठा, म्हणून कमी मात्रेत जास्त परिणाम होतो.

आपल्या आयएस ९१०३ या मानकाप्रमाणे प्लास्टिसायझरने किमान ५ टक्के आणि सुपरप्लास्टिसायझरने किमान २० टक्के पाणी वाचलं पाहिजे.

श्रीखंड आणि काकवी

आता पाठाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. "पातळ" आणि "घट्ट" हे दोनच शब्द आपण वापरतो, पण वाहण्याची गोष्ट एका शब्दात मावत नाही.

ताटात श्रीखंड वाढा. ढीग तसाच राहतो, ताट थोडं कलतं केलं तरी हलत नाही. चमच्यानं ढकललं तर मात्र सहज सरकतं. आता शेजारी काकवी वाढा. ती कोणी ढकलायची वाटच बघत नाही, आपली आपण पसरत जाते, पण सावकाश. श्रीखंडाला हलायला सुरुवात करण्यासाठी किमान एक जोर लागतो. शास्त्रात त्याला यील्ड स्ट्रेस म्हणतात, मी वर्गात "उंबरठा" म्हणते. काकवीला उंबरठा नाही, पण हलताना तिचा आतला विरोध मोठा. त्याला श्यानता म्हणतात.

ओल्या काँक्रीटला दोन्ही असतात, उंबरठाही आणि श्यानताही. असे पदार्थ बिंगहॅम या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जातात. त्यानं हे भिंतीला लावायच्या रंगावर काम करताना मांडलं. रंग ब्रशने सहज पसरला पाहिजे, पण लावून झाल्यावर ओघळायला नको! काँक्रीटकडूनही आपली हीच अपेक्षा असते.

साइटवर जो शंकू वापरतात, ३०० मिमी उंच, तळाशी २०० आणि वर १०० मिमी व्यासाचा, तो भरून उचलला की माल किती खचला ते मोजतात. यालाच स्लंप म्हणतात. तो मुख्यतः उंबरठा सांगतो. स्वतःच्या वजनाचा जोर उंबरठ्यापेक्षा जास्त असेपर्यंत माल खचतो आणि मग थांबतो. श्यानतेबद्दल शंकू फारसं बोलत नाही. म्हणून कधी कधी दोन मालांचा स्लंप सारखा येतो, पण एक फावड्याला गोंदासारखा चिकटतो आणि दुसरा झरझर सरकतो. ब्रिटनमध्ये टॅटरसॉल यांनी यासाठी दोन वेगवेगळ्या वेगांवर मोजायची पद्धत सुचवली होती. आपल्या गावच्या कामाला शंकू पुरतो, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो हे लक्षात असू द्या.

आता प्रत्येक पदार्थ कुठे काम करतो ते पाहा. जादा पाणी उंबरठा आणि श्यानता दोन्ही पाडतं. श्यानता पडली की खडीला धरून ठेवायला कोणी उरत नाही. ती खाली बसते, पाणी वर येतं, वर दुधासारखी साय जमते. माहेरच्या स्लॅबवर ती साय मी बोटानं काढल्याचं मला आठवतं, छान गुळगुळीत लागत होती! सुपरप्लास्टिसायझर मुख्यतः उंबरठा पाडतं, श्यानता त्या मानाने कमी घटते. म्हणून माल वाहतो, पण एकजीव राहतो.

काही औषधं याच्या उलटही असतात. सेल्युलोजपासून केलेले पदार्थ किंवा वेलन गम यांसारखे डिंक श्यानता वाढवतात. असं औषध माल घट्ट करायला कोण घालेल? तर ज्यांना उंबरठा अगदी तळाला न्यायचा आहे ते. टोकियो विद्यापीठातले हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये असं काँक्रीट हवं म्हणून कल्पना मांडली, की जे व्हायब्रेटरशिवाय स्वतःच साच्यात भरेल. कारण काय, तर जपानमध्ये कुशल कामगार कमी पडायला लागले होते आणि नीट न दाबलेलं काँक्रीट लवकर खराब होत होतं. म्हणजे आमच्या मिस्त्रींचीच तक्रार! १९८८ मध्ये ते तयार झालं. सुपरप्लास्टिसायझरने उंबरठा जवळजवळ संपवला आणि बारीक भुकटी किंवा डिंकाने श्यानता राखली, म्हणजे खडी तरंगत राहिली. १९९८ साली खुल्या झालेल्या आकाशी काइक्यो पुलाच्या केबल ज्या प्रचंड ठोकळ्यांत रोवल्या आहेत, त्यांना हेच काँक्रीट वापरलं. याचा स्लंप मोजतच नाहीत, पोळी किती मोठी पसरली ते मोजतात.

हवेचे बारीक बुडबुडे करणारं औषधही असतं. बुडबुडे खडी-वाळूमध्ये छऱ्यांसारखे फिरतात. पण एक टक्का हवेला सुमारे ५ टक्के ताकद जाते. बर्फ पडणाऱ्या देशांत त्याचा खरा उपयोग, आपल्याकडे क्वचित.

राखेचं मात्र आपल्याकडे मोठं काम आहे. चंद्रपूर, कोराडी, परळी, एकलहरे इथल्या औष्णिक वीज केंद्रांत कोळसा जळून जी फ्लाय अ‍ॅश निघते, तिचे कण गोल गोट्यांसारखे असतात. त्यामुळे त्याच पाण्यात माल जास्त सरकतो. दुकानात मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटच्या गोणीत ही राख आधीच मिसळलेली असते.

गूळ, साखर आणि चुन्याचा घाणा

आपल्या पूर्वजांना हे अगदीच नवीन नव्हतं. गडावर सहलीला गेलात तर दगडी वर्तुळाकार चर आणि त्यात जातं असतं, तो चुन्याचा घाणा. बैल जुंपून चुना मळायचे आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असे पदार्थ घालायचे. गुळातली साखर चुना लोण्यासारखा मऊ ठेवते आणि घट्ट व्हायला उशीर लावते.

सिमेंटला साखर फार लागते, म्हणजे बाधते. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, गोणीला फक्त २५ ग्रॅम, घट्ट होणं काही तास लांबवते. तीच अर्धा किलो पडली तर माल सेट होणंच जवळपास थांबतं. उशीर लावणाऱ्या औषधांमागे, ज्यांना रिटार्डर म्हणतात, हेच तत्त्व आहे. तयार काँक्रीटच्या गाड्या शहरातल्या वाहतुकीत अडकतात, तेव्हा आतला माल घट्ट होऊ नये म्हणून रिटार्डर घालतात. नियमाप्रमाणे साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, रिटार्डर असेल तर जास्त वेळ मिळतो.

मुलांनो, बांधकामावर चहाची साखर सुद्धा सांडू नका!

मग त्या दिवशी काय झालं

गंमत म्हणजे औषधाचा कॅन साइटवरच होता, सिमेंटच्या गोण्यांमागे, सील न फोडलेला. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, त्या औषधानं माल दोन दिवस सुटत नाही. एकदा हात पोळलेत." मी तालुक्याच्या अभियंता साहेबांना फोन लावला. ते येईपर्यंत पाऊण तास काम थांबलं. मजूर सावलीला बसले, मिस्त्री माझ्याकडे न बघता तंबाखू मळत होते. त्या पाऊण तासात मला दोनदा वाटून गेलं, जाऊ दे, एक डबाच तर आहे.

साहेब आल्यावर खुलासा झाला. मागच्या कामावर कोणीतरी कॅन तिरपा करून अंदाजानं औषध ओतलं होतं. मात्रा जास्त झाली की खडी वेगळी होते आणि माल सेट व्हायला उशीर लागतो. आयएस ४५६ मध्ये म्हणूनच मर्यादा दिली आहे. सिमेंटच्या वजनाच्या प्लास्टिसायझर १ टक्का, सुपरप्लास्टिसायझर २ टक्के, त्यापुढे सहसा जायचं नाही. आमची मात्रा ठरली ०.६ टक्के, म्हणजे गोणीला ३०० ग्रॅम. हे औषध पाण्यापेक्षा जड, लिटरला सुमारे १.२ किलो. मग ३०० ग्रॅम म्हणजे किती मिली? पारावरच्या मुलांनी उत्तर काढलं, २५०. गावातल्या दूधवाल्याकडून पाव लिटरचं माप आणलं. (ते माप परत दिलं नाही, नवीन घेऊन दिलं. औषधाच्या भांड्यात पुन्हा खाण्यापिण्याचं काही घेऊ नये.)

औषध कधी घालायचं हेही महत्त्वाचं. कोरड्या सिमेंटवर नाही. बहुतेक पाणी घालून मिक्सर थोडा फिरल्यावर, उरलेल्या पाण्यात मिसळून घालायचं. सिमेंटची पहिली झटपट क्रिया होऊन गेलेली असते, मग औषध त्यात वाया जात नाही.

औषधाशिवाय स्लंप आला होता ४० मिमी. औषध घातल्यावर, पाण्याचा एक थेंबही न वाढवता, ९५. व्हायब्रेटर लावायच्या साध्या स्लॅबला ५० ते १०० च्या दरम्यान असला की पुरे. मिस्त्रींनी फावडं मालात घालून बघितलं, काही बोलले नाहीत. वर जाऊन ओरडले, "चला, सोडा माल!" मुलांनी पारावर प्रत्येक गोणीला एक रेघ मारली. छत्तीस रेघा झाल्या. आमचं गणित एका गोणीनं चुकलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मिस्त्रींचाच फोन आला. दुसऱ्या गावी काम होतं. "मॅडम, तेच औषध, तेच पाव लिटर, पण माल पंधरा मिनिटांत परत घट्ट होतोय. का?" मी साहेबांना विचारलं. सिमेंट दुसऱ्या कंपनीचं होतं आणि वाळूऐवजी क्रश सँड, तीही न धुतलेली. प्रत्येक सिमेंटचं प्रत्येक औषधाशी जमतंच असं नाही. खडी फोडताना निघालेल्या धुळीत मातीचा अंश असला तर ती माती औषध स्वतःच पिऊन टाकते, पॉलिकार्बोक्झिलेट तर जास्तच. म्हणून मोठ्या कामाआधी एका गोणीचा माल करून, अर्धा तास थांबून, पुन्हा शंकू लावून बघायचा. मिस्त्रींनी तसं केलं, क्रश सँड बदलून घेतली.

सरावासाठी एक गणित देते. शाळेच्या कुंपणाचे १२ कॉलम, प्रत्येक ०.२३ × ०.२३ मीटर आणि उंची २ मीटर. घनमीटरला ७ गोण्या, गोणीला २५ लिटर पाणी आणि २५० मिली औषध. एकूण सिमेंट, पाणी आणि औषध किती लागेल? आणि प्रत्येक गोणीला अर्धा डबाच पाणी जादा पडलं, तर गुणोत्तर किती होईल? उत्तरं वहीत लिहून आणा.